धाडल्याशिवाय

जुन्या जीन्सच्या पायांत लाकडाचा भुसा भरून
दोन्ही तोंडं दाभणानं शिवली.
अशी सात बोचकी.
सहा माझी, एक मिरीचं.
हा हिशेब बाळाराम घरतांचा.

उलव्यात, सेक्टर चोवीसच्या मागं
सिडकोची पाटी ठोकलेला मोकळा प्लॉट,
सकाळचे सहा, गवत गुडघ्याएवढं,
आणि मिरी माझ्या डाव्या पायाशी,
काळी, दीड वर्षाची,
नाकापासून शेपटीपर्यंत एकच प्रश्न: आणू?

पहिलं फेकलं. सुटली.
दुसरं फेकलं. सुटली.
तिसऱ्याला नुसता हात वर गेला,
हात पाहूनच सुटली.
घरतकाका कंपाउंडच्या दगडावर तंबाखू मळत:
"तुला कोनी धारला गो?"
त्यांच्या तोंडी ड चा र होतो.
कुत्रीला आता तोच कळतो.

काकांचे वडील मिठागरावर मजूर.
थंडीत साहेबलोक बदकं मारायला यायचे
तेव्हा त्यांच्या कुत्र्यांचे पट्टे धरून चिखलात उभे राहायचे.
वीस बार, वीस पाखरं,
कुत्रा जागचा हलायचा नाही.
"हलला त माजे बापाला शिव्या पराच्या."
बंदुका गेल्या. मिठागरावर टॉवर आले.
काकांकडे उरली एक शिंगाची शिट्टी
आणि ते बसणं,
ज्याचं आता कुणालाच काही काम नाही.

"तू जा. तू उचल. तिला बघू दे."
मग महिनाभर मीच कुत्री होते.
फेकायचं, चालत जायचं, त्रेपन्न वर्षांचे गुडघे वाकवायचे,
आणायचं.
ती बसून बघायची,
पहिले आठ दिवस रडत,
मग नुसती थरथरत,
मग जांभया देत.
जांभई खोटी, काका म्हणाले,
मन आवरताना कुत्रं जांभई देतं.
मला ऑफिसातल्या कितीतरी मीटिंगा आठवल्या.

सहा मी.
सातव्याला थांबून, नाव घेऊन: मिरी, जा.
आणि ती जायची तेव्हा
गवताला भांग पडायचा.

एकदा पोरांचा चेंडू घरंगळत
तिच्या पंजाला टेकून थांबला.
तिनं चेंडूकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
पोरगं म्हणालं, काकू, ही आजारी आहे का?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी
आम्ही तिघं खाडीच्या बांधावर. ओहोटी.
एक बगळा सरळ निघालेला,
मध्येच हवेनं त्याला हिसका दिला.
मांजा दिसला नाही. पडणं दिसलं.
चाळीस पावलांवर, खारफुटीच्या अलीकडं,
चिखलात काहीतरी पांढरं, आपटणारं.

मिरी बसली होती.
बस कुणी म्हटलं नव्हतं.
आयुष्यातलं पहिलं खरं पाखरू,
ज्यासाठी तिच्या आज्या-पणज्यांची तोंडं
पिढ्यान् पिढ्या मऊ होत आली,
आणि ती माझ्या ओठांकडं बघत.

जा म्हणायला जीभ उचलली होती मी.
पण चिखलात काचा होत्या, तोच मांजा होता,
आणि तोंड कितीही मऊ असलं तरी
बगळ्याला ते कोण सांगणार?
कदाचित चुकलेही असेन.
काकांनी तंबाखूची डबी उघडली,
काही न घेता मिटली.

चपला बांधावर ठेवल्या.
मांडीपर्यंत रुतत गेले.
ओढणीत गुंडाळला तेव्हा कळलं,
भुशाच्या बोचक्याहूनही हलका,
आणि त्या हलक्यात एवढी मोठी धडधड.

मागं वळले.
बांधावर माझ्या चपला,
चपलांशेजारी ती, जागची न हललेली,
तोंड पार कानापर्यंत उघडून
जांभई देत.